मोहोर, गदा आणि स्तारोस्ती: यान झामोयस्कीच्या नावापुढची पदं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: यान झामोयस्की या पोलिश सरदाराच्या तैलचित्राखाली तुम्ही 'राजमुकुटाचा महाचॅन्सेलर, राजमुकुटाचा महाहेतमान, बेउझ, क्राकुव आणि मालबोर्कचा स्तारोस्ता' अशी लांबलचक माळ वाचलीत. ही पदं आपल्याकडच्या देशमुखी-पाटीलकीसारखी वतनं होती का, की नुसते मानाचे किताब? आणि एकाच माणसाकडे एवढं सगळं कसं काय?

आधी सरळ उत्तर देतो. ती वतनं नव्हती आणि कोरे किताबही नव्हते. पद राजाच्या हातून मिळायचं, पण एकदा दिलं की माणूस जिवंत असेपर्यंत राजाला ते सहजासहजी काढून घेता येत नसे. आणि माणूस गेला की पद राजाकडे परत जायचं, पोराला त्यावर हक्क सांगता यायचा नाही. तहहयात, पण वंशपरंपरागत नाही. ही एक गोष्ट नीट धरून ठेवली की झामोयस्कीचं आयुष्य आपोआप उलगडत जातं. सुरुवातीला मीही या नावांकडे किताब म्हणूनच बघत होतो आणि त्यामुळे त्या काळातलं पोलंडचं राजकारण मला काही केल्या समजत नव्हतं.

'राजमुकुटाचा' या शब्दाचंही सांगायला हवं. १५६९ साली लुब्लिनच्या करारानं पोलंड आणि लिथुएनिया एक झाले. राजा एक, सेयम म्हणजे संसद एक, पण मंत्री दोन्हीकडे वेगळे. राजमुकुटाचा म्हणजे पोलंडच्या बाजूचा. लिथुएनियाला स्वतःचा चॅन्सेलर होता, स्वतःचा हेतमान होता.

झामोयस्की १५४२ साली स्कोकुव्का या गावी जन्मला. घराणं फार मोठं नव्हतं. वडील स्तानिस्वाव हेउमचे कास्तेलान होते, म्हणजे सिनेटमध्ये, संसदेच्या वरच्या सभागृहात, बसायचा मान होता, पण राद्झिविउ किंवा तार्नोव्स्की या बड्या घराण्यांच्या पंगतीतले ते नव्हते. मुलगा शिकायला पॅरिसला गेला, पुढे स्त्रासबुर्ग आणि मग पादुआ. पादुआला त्यानं कायदा वाचला, १५६३ मध्ये कायद्याच्या विद्यार्थ्यांनी त्याला रेक्टर निवडलं आणि त्याच वर्षी त्याचं रोमन सिनेटवरचं लॅटिन पुस्तक व्हेनिसला छापून निघालं. घर कॅल्व्हिनपंथी होतं, इटलीत असताना तो कॅथलिक झाला.

परत आल्यावर तो राजा झिगमुंट ऑगस्टच्या पदरी सचिव म्हणून लागला आणि त्याच्यावर काम आलं ते क्राकुवच्या वावेल किल्ल्यातलं राजाचं दफ्तर लावायचं. चरित्र वाचताना हे पान बहुतेक जण भरभर उलटतात. मला मात्र सगळी कळ तिथेच दिसते. जुन्या सनदा, करारनामे, कोणाला कोणती जमीन कोणत्या अटीवर दिली, कोणत्या राजानं कोणतं वचन दिलं, हे सगळे कागद त्याच्या हाताखालून गेले. पुढं तीसहून जास्त वर्षं सेयममध्ये त्याच्याशी वाद घालणाऱ्यांना हा तोटा कायम होता: समोरच्यानं मूळ कागद पाहिलेला असायचा.

१५७२ मध्ये राजा निपुत्रिक वारला आणि यागेलोन घराणं पुरुषांच्या बाजूनं संपलं. नवा राजा निवडायचा कसा? मताला येणाऱ्या श्लाख्ता वर्गातल्या प्रत्येकाला, म्हणजे प्रत्येक उमराव-कुळातल्या पुरुषाला, मग तो दोन बिघ्यांचा धनी का असेना, स्वतः हजर राहून मत देता यावं, ही बाजू ज्यांनी लावून धरली त्यांत तिशीतला झामोयस्की आघाडीवर होता. लहान उमराव त्याच्या मागे उभे राहिले ते तिथपासून. १५७३ मध्ये फ्रान्सचा आंरी निवडून आला, त्याला आणायला पॅरिसला गेलेल्या शिष्टमंडळात झामोयस्कीही होता. पुढच्याच वर्षी भाऊ, म्हणजे फ्रान्सचा राजा, मेल्याची बातमी येताच आंरी रातोरात क्राकुवहून फ्रान्सला निघून गेला. पुन्हा निवडणूक झाली, सिनेटनं हाब्सबुर्ग सम्राटाचं नाव पुकारलं, उमरावांनी झिगमुंट ऑगस्टची बहीण आन्ना यागेलोन आणि तिचा नियोजित नवरा म्हणून ट्रान्सिल्व्हेनियाचा स्तेफान बाथोरी यांना निवडलं. बाथोरी आधी पोचला, मुकुट त्याला मिळाला. झामोयस्की त्याच्या बाजूनं ठाम उभा होता आणि १५७६ मध्ये उपचॅन्सेलर झाला, १५७८ मध्ये महाचॅन्सेलर.

आता ही पदं म्हणजे काय ते बघा. चॅन्सेलरकडे मोठी मोहोर, उपचॅन्सेलरकडे लहान. राजाचा कोणताही हुकूम, सनद, परराष्ट्राला जाणारं पत्र मोहोर उमटल्याशिवाय लागू होत नसे. आणि कागद कायद्याविरुद्ध आहे असं चॅन्सेलरला वाटलं तर तो मोहोर उमटवायला नकार देऊ शकायचा. राजानं सही केली, मोहोर नाही, तर कागद तसाच पडून. या दोघांपैकी एक धर्मगुरू आणि एक गृहस्थ असावा असा दंडक होता. मंत्री म्हणून दोघांना सिनेटमध्ये जागा असायची.

हेतमान म्हणजे सरसेनापती, त्याची खूण बुवावा नावाची आखूड गदा. तुम्ही पाहिलेल्यासारख्या चित्रांत हातात दिसते तीच. गंमत अशी की हेतमान या नात्यानं सिनेटमध्ये बसता येत नसे, त्यासाठी दुसरं पद असावं लागायचं. झामोयस्कीला ही गदा १५८१ मध्ये मिळाली, मॉस्कोच्या राज्यातल्या प्स्कोव शहरावरच्या मोहिमेच्या ऐन तोंडावर, आणि तहहयात मिळाली. याआधी महाहेतमानपदाला तहहयात ही ओळ पक्की नव्हती, त्याच्यापासून ती रूढ झाली. त्या हिवाळ्यात राजा वेढा सोडून परत गेला आणि कडाक्याच्या थंडीत, पगार थकलेल्या फौजेला धरून ठेवायचं काम याच्याकडे आलं. शिस्त त्यानं इतकी कडक ठेवली की छावणीतले उमराव त्याला शिव्याशाप देत होते. प्स्कोव पडलं नाही, पण वेढा उठलाही नाही, आणि जानेवारी १५८२ मध्ये मॉस्कोच्या इव्हाननं तह करून लिव्होनिया हा बाल्टिक किनाऱ्याचा मुलूख सोडला.

आणि स्तारोस्ता? तुमच्या वतनाच्या प्रश्नाच्या सगळ्यात जवळ जाणारं पद हेच, म्हणून जरा सविस्तर सांगतो. राजाच्या मालकीच्या जमिनी आणि किल्ले राजा एखाद्या उमरावाकडे आयुष्यभरासाठी सोपवायचा. उत्पन्न त्याचं, त्यातला चौथा हिस्सा सीमेवरच्या कायम फौजेसाठी सरकारात भरायचा, हा नियम १५६०च्या दशकात बसला. त्या फौजेला नावच 'चौथाईची फौज' पडलं. (आपल्या चौथाईशी याचा संबंध नाही. ती दुसऱ्याच्या मुलखातून वसूल व्हायची, ही स्वतःच्या राजाच्या जमिनीतून.) मंत्र्याचं खरं उत्पन्न मंत्रिपदातून येत नसे, ते या स्तारोस्तींतून यायचं. म्हणून नावापुढे त्यांची रांग दिसते. पण काही स्तारोस्ती नुसत्या जमिनीच्या नव्हत्या. क्राकुवसारख्या ठिकाणचा स्तारोस्ता म्हणजे राजाचा हातच. मुलखातली शांतता, गुन्ह्यांचा न्याय आणि दिलेल्या शिक्षेची अंमलबजावणी त्याच्याकडे. झामोयस्कीला क्राकुव १५८० मध्ये मिळालं.

एकाच माणसाकडे मोहोर, गदा आणि क्राकुवचा किल्ला आला की काय होतं, हे सामुएल झ्बोरोव्स्कीच्या प्रकरणात दिसतं. १५७४ मध्ये आंरीच्या राज्याभिषेकाच्या वेळी वावेलवर भांडण झालं. सोडवायला मध्ये पडलेल्या आंद्जेइ वापोव्स्की या कास्तेलानाच्या डोक्यात झ्बोरोव्स्कीनं परशूचा घाव घातला आणि तो त्यात मेला. शिक्षा झाली देशबंदीची, पण बेअब्रू न करता. झ्बोरोव्स्की गेला कुठे, तर ट्रान्सिल्व्हेनियाला, बाथोरीच्याच दरबारी. बाथोरी राजा झाल्यावर तोही पोलंडात वावरू लागला. बंदी उठली नव्हती, पण ती कोणी अमलातही आणली नव्हती. दहा वर्षं गेली. मे १५८४ मध्ये तो क्राकुवजवळ पिएकारी गावी नातलगाकडे उतरला असताना झामोयस्कीच्या माणसांनी, तरुण स्तानिस्वाव झुउक्येव्स्कीच्या हाताखाली, त्याला पकडलं. २६ मे रोजी वावेलच्या पायथ्याशी त्याचं डोकं उडवलं.

कायदा धरून बघितलं तर झामोयस्की चुकला नव्हता. देशबंदीचा गुन्हेगार आपल्या हद्दीत सापडला तर शिक्षा अमलात आणणं हे स्तारोस्त्याचं कामच होतं. पण दहा वर्षं झोपलेली शिक्षा अचानक जागी का झाली? झ्बोरोव्स्की भाऊ राजाच्या आणि चॅन्सेलरच्या विरोधात उभे होते म्हणून. नव्यानं खटला नाही, सेयमपुढे सुनावणी नाही. ज्या लहान उमरावांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं त्यांतल्याच कित्येकांना यात स्वतःची मान दिसली. मला तो या जागी खटकतो. कायद्याचा अभ्यासक म्हणून त्याला कागदाचं बळ कळत होतं, आणि त्यानं ते बळ वैऱ्यावर वापरलं. पुढं १६०६ च्या उमरावांच्या बंडापर्यंत आणि त्यानंतरही पोलिश उमराव जेव्हा जेव्हा राजसत्तेविरुद्ध चिडले तेव्हा झ्बोरोव्स्कीचं नाव निघत राहिलं.

१५८६ मध्ये बाथोरी गेला. नव्या निवडणुकीत झामोयस्कीनं स्वीडनच्या वासा घराण्यातल्या झिगमुंटची बाजू घेतली. हाब्सबुर्गचा आर्चड्यूक मॅक्सिमिलियन फौज घेऊन क्राकुववर आला, त्याला झामोयस्कीनं थोपवलं आणि २४ जानेवारी १५८८ रोजी सायलेशियातल्या बिचिना इथं हरवून चक्क कैद केलं. मॅक्सिमिलियन वर्षाहून जास्त काळ त्याच्या ताब्यात होता.

आणि ज्याला गादी दिली त्याच राजाशी पुढं सतरा वर्षं त्याचं पटलं नाही. झिगमुंट तिसरा हाब्सबुर्गांकडे झुकला, पोलंडचा मुकुट त्यांना देऊन स्वतः स्वीडनला जायचं घाटत होतं असा संशय होता, आणि १५९२ च्या सेयममध्ये झामोयस्कीनं राजाला भर सभेत जाब विचारला. इथं 'तहहयात'चा अर्थ कळतो. राजाला तो नकोसा होता, पण मोहोर काढून घेता येत नव्हती, गदाही नाही. राजानं कृपा दुसऱ्यांवर केली, मोकळी होणारी पदं झामोयस्कीच्या विरोधकांना दिली, एवढंच त्याच्या हातात होतं. तोवर चॅन्सेलर स्वतःच्या हिमतीवर १५९५ मध्ये मोल्दाव्हियात जाऊन तिथल्या गादीवर आपला माणूस, येरेमिया मोव्हिला, बसवून आला.

आता उरला दुसरा अर्धा नियम: पद मुलाला जात नाही. झामोयस्कीनं चार लग्नं केली, तिसरी बायको ग्रिझेल्डा ही राजा बाथोरीची पुतणी. मुलगा जगला तो चौथ्या बायकोचा, बार्बारा तार्नोव्स्काचा, तोमाश, १५९४ साली झालेला. म्हणजे बावन्न वर्षांपर्यंत वारस नव्हता. तरीही त्यानं मागं काय ठेवायचं ते आधीच ठरवलं होतं, आणि ते राजाकडून आलेलं नव्हतं, स्वतः उभं केलेलं होतं.

१५८० मध्ये त्यानं वडिलोपार्जित गावाजवळच्या मोकळ्या जागेवर झामोश्च हे शहर वसवायला घेतलं. आखणी बेर्नार्दो मोरान्दो या इटालियन वास्तुकाराची. एका टोकाला वाडा, मध्ये साधारण शंभर मीटर बाय शंभर मीटरचा चौरस बाजारचौक, भोवती कमानींच्या ओसऱ्या असलेली घरं, बाहेरून तटबंदी. पाऊस असो की बर्फ, ओसरीखालून चालत माणूस चौकाला फेरी मारू शकतो. मग त्यानं व्यापारी बोलावले: १५८५ मध्ये आर्मेनियनांना सनद, १५८८ मध्ये सेफार्डी ज्यूंना, पाठोपाठ ग्रीकांना, प्रत्येकाला आपल्या धर्माप्रमाणे वागायची मोकळीक. १५९५ मध्ये तिथं अकादमी सुरू झाली, कारण राज्य चालवायला शिकलेले उमराव हवेत हे त्याचं जुनं मत होतं.

पण शहर वसवून भागत नव्हतं. पोलिश रिवाजानं जमीन सगळ्या मुलांत वाटली जायची, दोन पिढ्यांत तुकडे. म्हणून १५८९ मध्ये सेयमची मंजुरी घेऊन त्यानं आपल्या मिळकतीची 'ऑर्डिनात्सिया' केली: अविभाज्य, विकता न येणारी, एकाच पुरुष वारसाकडे जाणारी. तुम्ही ज्याला वतन म्हणत होतात त्याच्या जवळ जाणारी चीज खरं तर ही आहे, आणि ती पदांच्या यादीत दिसतच नाही. हे सगळं ज्या पैशावर उभं राहिलं तो व्हिस्तुलातून ग्दान्स्कला जाणाऱ्या धान्याचा होता, आणि ते धान्य पिकवणारी कुळं आठवड्यातले दिवस मोजून धन्याच्या शेतावर वेठीनं राबत होती. चौकाचं कौतुक करताना हे माझ्या डोळ्यासमोरून जात नाही.

३ जून १६०५ रोजी झामोयस्की झामोश्चमध्येच वारला. तोमाश अकरा वर्षांचा होता. त्याला शहर मिळालं, गावं मिळाली, अकादमीचं पालकत्व मिळालं. मोहोर दुसऱ्याकडे गेली. महाहेतमानाची गदा राजानं तेरा वर्षं कुणालाच दिली नाही. १६१८ मध्ये ती मिळाली झुउक्येव्स्कीला, पिएकारीला झ्बोरोव्स्कीला धरणाऱ्या त्याच माणसाला, आणि त्याच सुमारास तोही चॅन्सेलर झाला. तोमाशला खालून चढत यावं लागलं: आधी पोडोलियाचा, मग कीवचा व्होइव्होडा, म्हणजे प्रांताचा प्रमुख, १६२८ मध्ये उपचॅन्सेलर, आणि वडील गेल्यानंतर तीस वर्षांनी, १६३५ मध्ये, मोठी मोहोर. ऑर्डिनात्सिया मात्र एका हातातून दुसऱ्या हातात जात १९४४ पर्यंत टिकली. कम्युनिस्ट राजवटीच्या जमीनसुधारणेनं ती संपवली.