'पापाचे वेतन' म्हणजे 'पापाची शिक्षा' नव्हे

शरणपूर रोडवरच्या एका ताईंनी विचारलंय, घरी प्रार्थनासभा आहे, फ्लेक्सवर 'पापाचे वेतन मरण आहे' हे बायबलमधलं वचन टाकायचंय, पण पुतण्या म्हणतो वेतन शब्द ऑफिसातला वाटतो, वेतन आयोग आठवतो, त्यापेक्षा 'पापाची शिक्षा मरण' टाकू, लोकांना पटकन कळेल. चालेल का? आणि विश्वास ठेवणारेसुद्धा मरतातच, मग हे मरण कोणतं?

नाही चालणार ताई. हा बदल मी भाषणांत, पत्रिकांत, फॉरवर्डमध्ये इतक्यांदा ऐकलाय की आता कान दुखतात. 'पापाची शिक्षा' म्हणजे पापाबद्दलची शिक्षा, देणारा वेगळाच कुणीतरी, न्यायाधीश. 'पापाचे वेतन' मधला 'चे' मात्र 'कंपनीचा पगार' मधल्या 'चा' सारखा आहे, म्हणजे पाप स्वतः मालक आहे आणि तोच पैसे मोजतो. एक शब्द बदलला की मालकच गायब झाला! हे वचन नव्या करारातल्या रोमकरांस पत्रातलं, प्रेषित पौलाने लिहिलेलं, आणि त्याच्या सहाव्या अध्यायात पौल सगळा वेळ हेच सांगतोय, पापाला तुमच्यावर राज्य करू देऊ नका, तुमचे अवयव त्याच्या हाती देऊ नका, आणि शेवटी २३ व्या वचनात पगारपत्रक काढून दाखवतो.

वेतनाचा रोजचा अर्थ सगळ्यांना माहितीये, 'पगार' पोर्तुगीजांकडून आला तेही राहू द्या, मला मूळ ग्रीक शब्दाबद्दल बोलायचंय. तो आहे ऑप्सोनियोन. ऑप्सोन म्हणजे भाकरीबरोबर तोंडी लावायला जे असतं ते, खेड्यात ज्याला कोरड्यास म्हणतात ते, आणि पुढचा भाग 'विकत घेणे' या क्रियापदाचा. म्हणजे ऑप्सोनियोन म्हणजे अक्षरशः कोरड्यासाचे पैसे! शिपायाच्या पोटापाण्यासाठी द्यायची रक्कम, म्हणून मग शिपायाचा पगार. रोमन शिपायांना मीठ पगार म्हणून मिळायचं ही गोष्ट सगळे उत्साहाने सांगतात, तिला जुना पुरावा नाही, आणि इथे शब्दाच्या पोटात खरोखरचं कालवण बसलंय तर कुणी बघत नाही.

आपल्याकडे याचा सख्खा भाऊ आहे, भत्ता. संस्कृतात 'भक्त' म्हणजे शिजवलेला भात असाही अर्थ आहे, त्यावरूनच भात, आणि माझं ठाम मत आहे की महागाई भत्त्यातला भत्ताही त्याच भातातून आलाय, आधी शिधा, मग शिध्याचे पैसे. आणि आपण नाशिककर मुरमुऱ्याचा जो भत्ता खातो तोही त्याच घरातला असणार असं मला वाटतं, मुरमुरे शेवटी तांदळाचेच की. एक मित्र म्हणतात दोन्ही भत्ते वेगळे, योगायोग आहे. मला पटलेलं नाही.

याच ऑप्सोनपासून ऑप्सारियोन म्हणजे तोंडी लावायचा मासा. योहानाच्या शुभवर्तमानात पाच हजार लोकांना जेवू घातलं तेव्हा मुलाकडे पाच भाकरी आणि दोन मासे होते, तिथे मासे म्हणजे ऑप्सारियाच, बाकीच्या तीन शुभवर्तमानांत माशाचा नेहमीचा शब्द आहे. म्हणजे बघा, एकीकडे पाप कोरड्यासाचे पैसे म्हणून मरण हातावर ठेवतं, आणि दुसरीकडे येशू कोरड्यास फुकट वाढतो, तेही पोटभर, वर टोपल्या उरतात. पौलाच्या मनात हे होतं असं मी म्हणत नाही, पण शब्दांचं गोत्र एकच आहे.

काही अभ्यासक म्हणतात की पौलाच्या काळापर्यंत हा शब्द कुठल्याही पगाराला वापरत होते, सैन्य त्यात उगाच घुसवू नका. शिवाय त्याच अध्यायात 'पापाचे दास' आहे, दासाला पगार कुठला? मला हे अर्धवट वाचन वाटतं. सबंध नव्या करारात हा शब्द फक्त चार ठिकाणी येतो, त्यातल्या दोन ठिकाणी तर उघड शिपायांचीच गोष्ट चाललीये, आणि सहाव्या अध्यायात अवयव पापाच्या हाती कशासारखे देऊ नका हे सांगताना पौल जो शब्द वापरतो त्याचा अर्थ शस्त्रंही होतो, मराठीत 'साधने' केल्यावर ते बोथट झालं. साधी मजुरी म्हणायची असती तर मिस्थॉस हा शब्द त्याच्याकडे होताच, चौथ्या अध्यायात वापरलाय. आणि कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तर्तुल्लियन, पौलानंतर दीडेकशे वर्षांनी, हेच वचन लॅटिनमध्ये देताना त्याच्या पुढच्या अर्ध्या भागातल्या 'देवाचे कृपादान' मधल्या कृपादानाला सम्राट शिपायांना खास देणगी द्यायचा तो शब्द वापरतो, म्हणजे त्यालाही छावणीच दिसली होती.

आणखी एक, ग्रीकमध्ये हा शब्द इथे अनेकवचनी आहे. रोमन सैन्यात पगार वर्षाला तीन हप्त्यांत मिळायचा. म्हणून मरण हे शेवटी एकदम येणारं पेन्शन नाही, ते आत्तापासून हप्त्याहप्त्याने चालू आहे. तुमचा दुसरा प्रश्न इथे सुटतो. फळ खाशील त्या दिवशी मरशील असं आदामाला सांगितलं होतं आणि तो तर ९३० वर्षं जगला, मग त्या दिवशी काय मेलं? देवाशी असलेलं नातं. इफिसकरांस पत्रात चालत्याबोलत्या माणसांनाच अपराधांमुळे 'मृत' म्हटलंय ते यामुळेच. विश्वास ठेवणाऱ्याचं शरीर सगळ्यांसारखंच जातं, पण तो मरणातून जीवनात आधीच पार गेलाय, तारणातला तर 'तरणे' म्हणजे हेच, पलीकडच्या काठाला लागणं.

आणि ताई, पाणिनीचं एक सूत्र आहे, 'वेतनादिभ्यो जीवति', वेतनावर जगतो तो वैतनिक. ज्या शब्दाशी आपल्या व्याकरणाने 'जगणे' बांधलंय त्याच्याच पुढे मराठी बायबलात 'मरण' येतं, ज्याच्यावर जगायचं तेच मारतं. 'शिक्षा' शब्दात हे कुठून आणणार?

तेव्हा फ्लेक्सवर वेतनच राहू द्या, आणि वचनाचा पुढचा अर्धा भागही घ्या, देवाचे कृपादान म्हणजे ख्रिस्त येशूमध्ये सार्वकालिक जीवन, तो बहुतेक जण गाळतात आणि नुसती भीती टांगून ठेवतात. 'कृपादान' एकच शब्द आहे, प्रिंटिंगवाला 'कृपा दान' असा तोडेल, प्रूफ बघताना तेवढं सांभाळा.