‘दृश्यमान’ घटत नाही, आणि विमानातले ‘मान’ वेगळे

विलेपार्ल्याच्या एका वाचकांनी विचारले आहे की, पावसाळ्यात बातम्यांमधून ‘दृश्यमान घटल्याने विमाने अहमदाबादकडे वळवली’ असे ऐकू येते. तर दृश्यमान, दृश्यमानता आणि दृश्यता यांपैकी बरोबर काय?

‘दृश्यमान घटले’ हे साफ चूक आहे, आणि दर जुलैमध्ये ते कानावर पडले की माझा संताप होतो. तापमान आणि पर्जन्यमान यांच्या पंक्तीत बसवल्यामुळे ही चूक होते. त्या दोन शब्दांतले ‘मान’ ‘मा’, म्हणजे मोजणे, या धातूपासून आले आहे. दृश्यमानातले ‘मान’ मात्र वर्तमान, विद्यमान यांतले आहे. तो संस्कृतातला ‘शानच्’ प्रत्यय असून मापाशी त्याचा काडीचाही संबंध नाही. दृश्यमान म्हणजे ‘दिसत असलेले’. धावपट्टी दृश्यमान असते किंवा नसते. घटते ती दृश्यमानता, किंवा मला अधिक आवडणारी सुटसुटीत दृश्यता.

खरे मोजणारे ‘मान’ बातमीच्या त्याच वाक्यात पुढे ‘विमान’ या शब्दात बसले आहे, आणि तिकडे कोणी पाहत नाही. ‘वि म्हणजे पक्षी, मान म्हणजे सारखे, म्हणून पक्ष्यासारखे ते विमान’ ही व्युत्पत्ती भली भली माणसे व्यासपीठावरून सांगतात. मला ती मुळीच मान्य नाही. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात गाभाऱ्यावर 200 फुटांहून उंच जे दगडी बांधकाम आहे, त्यालाही विमानच म्हणतात. तिथे पक्षी कुठून आणणार? ‘ज्याला उपमा नाही ते विमान’ हा दुसरा अर्थही मागाहून जुळवलेला वाटतो. ‘वि + मा’ म्हणजे आखणे, मोजत ओलांडणे. ऋग्वेदाच्या हिरण्यगर्भसूक्तात (10.121.5) ‘यो अन्तरिक्षे रजसो विमानः’, म्हणजे अंतरिक्षात जो रजस् मोजतो तो, असे म्हटले आहे. वेदकाळी विमाने उडत होती असा याचा अर्थ कोणी काढू नये. मी शब्दाविषयीच बोलतो आहे. पण हे रजस् म्हणजे काय, हे पाहा. ते ढगांचे, वाफेचे, अंधुक असे मधले आकाश आहे. शिवाय निरुक्त या प्राचीन व्युत्पत्तिग्रंथात यास्क ‘उदकं रज उच्यते’, म्हणजे पाण्यालाही रज म्हणतात, असेही सांगतो. दिल्लीच्या वैमानिकाला धुके अडवते, मुंबईच्या वैमानिकाला बहुधा पाणी; रजस् या एका शब्दात दोन्ही मावतात!

अंधुक हवेत विमान उतरवणे हे अक्षरशः मोजमापाचे काम आहे. धावपट्टीकडून येणाऱ्या रेडिओ लहरींच्या आधारे विमान साधारण 3 अंशांच्या उताराने खाली येते. सर्वांत साध्या, पहिल्या श्रेणीच्या पद्धतीत धावपट्टीवरची दृश्यता किमान 550 मीटर लागते आणि 200 फूट उंचीवर उतरायचे की नाही याचा निर्णय घ्यावा लागतो. धावपट्टीलगतची यंत्रे प्रकाशाचा झोत सोडून त्यातला किती पलीकडे पोहोचतो ते पाहतात आणि त्यावरून ही दृश्यता ठरते. त्या उंचीवर ‘मिनिमम्स’ असा पुकारा होतो, त्या क्षणी चाके टेकण्याची जागा सुमारे 1,150 मीटर, म्हणजे जेमतेम पंधरा-सोळा सेकंदांवर असते. तोपर्यंत धावपट्टीचे दिवे किंवा पट्टी दिसली नाही, तर ‘गो-अराउंड’ म्हणायचे आणि वर जायचे.

पावसाळ्यात वारा पश्चिमेचा असला की विमाने घाटकोपरवरून उतरतात. गेल्या जुलैत संध्याकाळी तिथल्या एका गच्चीवर उभा होतो. चाके खाली सोडलेले एक विमान डोक्यावरून गेले. त्याचे दिवे पावसात पिठासारखे पसरलेले दिसत होते. पश्चिमेला ते नाहीसे झाले, आणि काही क्षणांत इंजिनांचा आवाज एकदम चढला. शेजारचे गृहस्थ म्हणाले, ‘चुकला वाटतं पायलट.’ मी त्यांना म्हटले, ‘चुकला नाही हो, मोजून परत फिरला.’ बातम्यांत यालाच ‘विमान भरकटले’ म्हणतात, तेही चूकच. भरकटतो तो वाट हरवलेला, आणि या माणसाला आपण नेमके किती फुटांवर आहोत हे ठाऊक होते. अर्ध्या तासाने तसेच दिवे पुन्हा डोक्यावरून गेले. या वेळी आवाज चढला नाही.