‘कवड्याच आहे, काही होत नाही’

वाचकांचे प्रश्न : सर्पदंश

प्रश्न : आमच्या वाडीतले एक काका साप पाहताच ‘कवड्याच आहे, काही होत नाही’ असं छातीठोकपणे सांगतात. आजवर एकदाही चुकले नाहीत म्हणे. साप चावलेल्या माणसाला त्यांच्या शब्दावर घरी ठेवावं का?

उत्तर : मुळीच नाही. ‘एकदाही चुकले नाहीत’ याचा हिशेब आधी मांडू. चावणाऱ्या सापांपैकी बरेच बिनविषारी असतात. विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असं नाही; त्याला कोरडा दंश म्हणतात. म्हणजे साप न बघता ‘काही होत नाही’ म्हणणाराही बहुतेक वेळा खरा ठरेल. मांत्रिकाला येणारा ‘गुण’ही यातलाच. उरलेल्या वेळी माणूस दगावतो आणि ‘दवाखान्यात न्यायला उशीर झाला’ म्हणून विषय मिटतो. चूक काकांपर्यंत चूक म्हणून पोचतच नाही, मग ती त्यांना कळणार कशी?

त्यात बिनविषारी कवड्या आणि जहाल विषारी मण्यार दिसायला जवळचे. कवड्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात, पुढे ठळक आणि शेपटीकडे पुसट. मण्यारीचे पांढरे, बारीक, बहुधा जोडीजोडीने असतात. डोक्याकडे पुसट, शेपटीकडे ठळक. तिच्या पाठीच्या कण्यावरचे खवले मोठे, षटकोनी असतात. हे दिवसाउजेडी, अख्खा साप समोर असताना. रात्री बॅटरीच्या उजेडात, काठीने ठेचलेल्या सापावर काय दिसणार?

आणि मण्यार चावते तीही रात्रीच, बहुधा जमिनीवर झोपलेल्या माणसाला. सूज नाही, फारशी वेदना नाही, कधी दातांची खूणही सापडत नाही. पहाटे पोटात दुखतं, घरचे अपचन समजून ओवा देतात. मग पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं, गिळता येत नाही आणि शेवटी श्वास थांबतो. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस असा उठला, तर साप दिसला नसला तरी तडक दवाखाना.

प्रश्न : पण साप कुठला ते कळल्याशिवाय डॉक्टर इंजेक्शन कसं देणार?

उत्तर : आपल्याकडची प्रतिसर्पविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर एकत्रच चालते, आणि ती द्यायची की नाही हे लक्षणांवर ठरतं. घोणस-फुरशाच्या विषाने रक्त गोठत नाही. ते तपासायला सुमारे २ मिली रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या परीक्षानळीत २० मिनिटं न हलवता ठेवतात आणि मग नळी कलती करतात. रक्त पातळच वाहिलं तर विष भिनलं आहे. पहिली तपासणी चांगली आली तरी किमान २४ तास देखरेखीखाली राहा. साप पकडायला किंवा मारायला जाऊ नका. त्यात दुसरा माणूस चावला जातो.

तोवर घरच्यांनी एवढंच करायचं : अंगठी, बांगड्या, पैंजण लगेच काढा, सूज चढली की निघत नाहीत. हाडं मोडल्यावर बांधतो तशी फळी लावून हात किंवा पाय स्थिर ठेवा. चालवू नका. दंशाची वेळ लिहून १०८ला फोन करा. आवळपट्टी, ब्लेडची चीर, तोंडाने चोखणं, बर्फ हे काही नको. आवळपट्टीने रक्तपुरवठा तुटून अवयव सडतो आणि ती सोडताच साठलेलं विष एकदम अंगात जातं. कुणी आधीच बांधली असेल तर डॉक्टरांसमोरच सोडा.

प्रश्न : काकांना हे सांगायचं कसं? ते दुखावतील.

उत्तर : चारचौघांत नको, आणि वादही नको. एकांतात कागद-पेन्सिल द्या आणि मण्यार व कवड्या शेजारीशेजारी काढायला सांगा : पट्टा कुठून सुरू होतो, एकेरी की जोडीने, शेपटीपाशी काय होतं. बहुतेकांची पेन्सिल तिसऱ्या पट्ट्यापाशी अडखळते. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात २००२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हेच दिसलं होतं. झिप कशी चालते हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे असं लोक म्हणाले. पायरीपायरीने समजावून सांगायला लावल्यावर त्यांनी स्वतःला दिलेले गुण स्वतःच कमी केले.

चित्र झालं की मगच फोटो दाखवा. आणि काकांचा शब्द वाडीत चालतो, तर एक काम त्यांच्यावरच सोपवा : रात्री-बेरात्री दंश झाला तर गाडी कुणाची आणि लस व कृत्रिम श्वासाची सोय दोन्ही असलेलं जवळचं रुग्णालय कुठलं, हे पावसाळ्याआधी चौकशी करून भिंतीवर लिहून ठेवणं.