माळ्यावरचे सात भाग

प्रिय वसईकर आई,

चौदा वर्षांची लेक हॅरी पॉटर वाचते. प्रार्थना मंडळातल्या एका बाई म्हणाल्या, "ही जादूटोण्याची पुस्तकं आहेत, जाळून टाका." तुम्ही जाळली नाहीत, पण सातही भाग माळ्यावर टाकलेत. आता लेक बोलत नाही, आणि रविवारी मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, एकमेकांना शांतिचिन्ह देताना तिनं तुमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तुमच्या पत्रातली ही शेवटची ओळ वाचून मला गलबलून आलं.

तुमची भीती खोटी नाही. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या 18व्या अध्यायात शकुन पाहणं, मंत्रतंत्र करणं, मेलेल्यांना विचारायला जाणं यांना साफ मनाई आहे. कॅथॉलिक चर्चची शिकवणही तीच. कुणाचा आजार बरा करायचा असला तरी जादूटोणा नको. यात मी तडजोड सुचवणार नाही.

पण पुस्तकं जाळण्याचा बायबलमधला दाखला आहे तो इफिस शहरातला, 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकातला, अध्याय 19. तो पुन्हा उघडा. तिथं जाळणारे कोण होते? स्वतः जादूटोणा करणारे. त्यांनी आपापली मंत्रांची पुस्तकं आणली, सर्वांदेखत जाळली; किंमत भरली चांदीची 50,000 नाणी. ती गोष्टींची पुस्तकं नव्हती, मंत्र चालवायची होती. आणि कुणी दुसऱ्याच्या दप्तरातून ओढून काढली नव्हती. तुमच्या लेकीच्या हातात असं काही नाही. त्या कथेतली जादू उपजत असते, कुणा आत्म्याला बोलावून मिळवलेली नसते, आणि कितीही वाचलं तरी आपल्या हातून काडी हलत नाही.

मी गोष्टीला एवढंच विचारते, की सत्ता कुणाला हवी आहे आणि कशासाठी? इथला खलनायक मरणाला इतका घाबरतो की माणसं मारून स्वतःच्या आत्म्याचे तुकडे करतो. नायक इतरांसाठी स्वतःहून मरायला जातो. 2007 साली आलेल्या शेवटच्या भागात त्याच्या आईवडिलांच्या थडग्यावर एक ओळ कोरलेली आहे, शेवटचा शत्रू मृत्यू, तोही नाहीसा होईल, अशी. ती बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्रातली आहे, 15:26. लेकीला हे ठाऊक आहे का, विचारा. गॅन्डाल्फ हा जादूगार रंगवणारे टॉल्किनही श्रद्धाळू कॅथॉलिक होते, 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही आपली मोठी कादंबरी मुळातच कॅथॉलिक आहे असं त्यांनी 1953 साली एका मित्राला लिहिलं होतं.

लेक मैत्रिणींबरोबर प्लँचेट करायला बसली, पत्त्यांवरून भविष्य सांगणाऱ्या टॅरोवाल्याला पैसे देऊ लागली, तर मात्र लगेच थांबवा. तो खेळ नव्हे. आणि आपणही वर्तमानपत्रातलं राशिभविष्य वाचतो का, गुपचूप लिंबू-मिरची बांधतो का, हे घरातल्या मोठ्यांनी आधी तपासावं. मला तर पुस्तकापेक्षा त्याचीच जास्त काळजी वाटते.

मंडळातल्या बाईंशी वाद घालू नका. त्यांना ती पुस्तकं खरोखर टोचत असतील तर त्यांनी वाचू नयेत, तो त्यांच्या विवेकाचा प्रश्न. तुमच्या घराचा निर्णय तुमचा. हवं तर फादरांशीही बोला, पण लेकीला सोबत घेऊन, तिच्यामागे नको.

आज संध्याकाळी शिडी लावा, पुस्तकं खाली काढा, धूळ पुसा. "मला न विचारता घेतली, चुकलं माझं," एवढं म्हणा. मग पहिला भाग तुम्ही स्वतः वाचायला घ्या, आणि जिथं खटकेल तिथं पान दुमडून तिलाच विचारा.

तुमची,
ताई