'मशीद' लिहावं की 'सिनेगॉग'?

प्रश्न असा आला: कोकणातल्या एका लहान गावच्या बेने इस्राएल (म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू) मंडळींच्या प्रार्थनेच्या खोलीचा इतिहास लिहायचा आहे. तिला 'सिनेगॉग' (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) म्हणावं, की घरची जुनी माणसं म्हणत तसं 'मशीद'? वाचक गोंधळणार नाही का?

गोंधळेल. तरी सुरुवातीलाच एका वाक्यात खुलासा करून 'मशीद' लिहाच. बेने इस्राएलांची घरची भाषा मराठी, आणि हा शब्द त्यांच्या बोलण्यात मुरलेला. मुंबईत सॅम्युएल इझिकेल (सामाजी हसाजी) दिवेकरांनी १७९६ साली बांधलेली 'शआर हारहमीम' ही त्यांची 'जुनी मशीद'. मशीद बंदर हे नाव तिच्यावरूनच पडलं, असं सर्रास सांगितलं जातं.

आम्हा पुणेकरांची तऱ्हा वेगळी. लष्कर भागात मोलेदिना रस्त्यावर डेव्हिड ससून यांनी बांधायला घेतलेलं 'ओहेल डेव्हिड' १८६७ साली पुरं झालं. लाल बांधकाम, उंच मनोरा, त्यावर घड्याळ. दिसायला चर्च, धर्माने ज्यू आणि लोकांच्या तोंडी 'लाल देऊळ'! रिक्षावाल्याला 'ओहेल डेव्हिड' सांगून बघा एकदा. हे मुळात बगदादी ज्यूंचं, म्हणजे बगदादकडून आलेल्या ज्यूंचं. बेने इस्राएलांचं 'सुक्कथ शेलोमो' रास्ता पेठेत, १९२१ सालचं.

आता खोलीबद्दल. हिब्रूत 'बेत क्नेसेत' म्हणजे जमण्याचं घर, आणि मूळ ग्रीक 'सिनेगॉग'चा अर्थही जमणं हाच. मनोरा, घुमट काही लागत नाही. परंपरेने लागतात ते तेरा वर्षांवरचे दहा पुरुष, म्हणजे 'मिनियान'. त्यामुळे भाड्याच्या खोलीलाही 'सिनेगॉग', म्हणजेच 'मशीद', म्हणायला हरकत नाही. पण पुढे त्याच गावात स्वतंत्र वास्तू उभी राहिली असेल, तर वास्तूला 'मशीद' आणि आधीच्या खोलीला 'प्रार्थनालय' म्हणा, म्हणजे घोळ होणार नाही. 'प्रार्थना मंदिर' मात्र टाळा. तो शब्द प्रार्थना समाजाने केव्हाच घेऊन टाकलाय.

'यहुदी'पेक्षा 'इस्राएल' बरं. ही मंडळी स्वतःला तेच म्हणवतात, आणि अलिबागेतली आळीसुद्धा 'इस्राएल आळी'च आहे. आणि कृपा करून 'हेखाल'चं भाषांतर 'गाभारा' करू नका. तिथे मूर्ती नसते. सेफेर तोराच्या, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथाच्या, गुंडाळ्या ठेवायचं ते कपाट, जेरुसलेमच्या दिशेला, म्हणजे आपल्याकडे पश्चिमेला असतं.