सगळं सैन्य आणि पैसाच ठरवत असेल, तर टेबलाच्या आकारावरून भांडण कशाला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की राष्ट्राराष्ट्रांचं राजकारण शेवटी सैन्य आणि पैशावर चालतं, मग त्यात सौंदर्यशास्त्र, प्रतिमा, चित्रण यांना खरंच काही स्थान आहे, की हा नुसता प्राध्यापकी विषय?

माझ्या मते स्थान आहे, आणि ते सजावटीपुरतं नाही. सैन्य कुठे धाडायचं हे ठरण्याआधी धोका कुठे आहे हे कुणीतरी दाखवून द्यावं लागतं. वस्तुस्थिती आणि तिचं चित्र यांच्यात कायम एक फट राहते. रोलंड ब्लायकर या अभ्यासकाने 2001 च्या एका निबंधात राजकारणाची जागा नेमकी त्या फटीत दाखवली.

हे हवेतलं वाटत असेल तर 5 फेब्रुवारी 2003 चा दिवस घ्या. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत, इराकने घातक अस्त्रं दडवली आहेत याचे पुरावे मांडत होते. बोलता बोलता त्यांनी बोटांत एक छोटी कुपी धरून वर केली. आत खरा अँथ्रॅक्स, म्हणजे जीवघेण्या रोगाचे जंतू, नव्हताच. एवढीशी पूड काय करू शकते, हे डोळ्यांना दिसावं म्हणून ती आणलेली. फिरत्या जैविक प्रयोगशाळांचा तर एकही फोटो नव्हता. पडद्यावर आली ती ट्रकची आणि रेल्वेच्या डब्यांची रेखाटनं, तीही मुख्यतः इराकमधून पळालेल्या एका इंजिनिअरच्या सांगण्यावर बेतलेली. पण रेखाटन मोजूनमापून काढलेलं असलं की ऐकीव गोष्टही पाहिल्यासारखी वाटते. मागच्याच खुर्चीत सीआयए या अमेरिकी गुप्तहेर संस्थेचे प्रमुख जॉर्ज टेनेट, बरोबर कॅमेऱ्याच्या चौकटीत. त्यांना बोलायची गरजच नव्हती. पुढे ना त्या प्रयोगशाळा सापडल्या, ना अस्त्रांचे साठे.

त्याच सुमारास सभागृहाबाहेर लावलेल्या पिकासोच्या ‘गेर्निका’च्या विणलेल्या प्रतीवर निळा पडदा ओढला गेला होता. मूळ चित्र स्पेनमधल्या गेर्निका गावावर 1937 मध्ये झालेल्या बॉम्बहल्ल्यावरचं. ‘लाजेपोटी झाकलं’ असं ही गोष्ट सांगणारे सहसा सांगतात. अधिकृत खुलासा एवढाच, की कॅमेऱ्यांना साधी पार्श्वभूमी हवी होती. मला तो खरा वाटतो. पण बोलणाऱ्याच्या मागे काय दिसावं हे कुणीतरी विचार करून ठरवतं, हेच तर मी सांगतोय!

टेबलाचं प्रकरण त्याहून रोखठोक. 1968 च्या अखेरीस व्हिएतनाम युद्धावरची पॅरिसमधली बोलणी कित्येक आठवडे टेबलाच्या आकारावर अडून राहिली. तेव्हा लोक हसले, पण भांडण खरं होतं. व्हिएतकाँग, म्हणजे दक्षिण व्हिएतनाममधले कम्युनिस्ट बंडखोर, स्वतंत्र पक्ष म्हणून बसलेले दिसणं हनोईला (उत्तर व्हिएतनामच्या सरकारला) हवं होतं आणि सायगावला (दक्षिणेच्या सरकारला) अजिबात नको होतं. चौकोनी टेबलाला चार बाजू, म्हणजे चार पक्ष झाले की! जानेवारी 1969 मध्ये तोडगा निघाला: मधे एक गोल टेबल आणि समोरासमोरच्या बाजूंना, जरा अंतर सोडून, दोन आयताकृती टेबलं. ज्याला दोन बाजू मोजायच्या त्याने दोन मोजाव्यात, ज्याला चार त्याने चार. तिकडे माणसं मरतच होती.

मात्र प्रतिमेला जादू समजणाऱ्यांशी माझं जमत नाही. पॉवेल यांची कुपी आणि रेखाटनं अमेरिकेत पुष्कळांना पटली, सुरक्षा परिषदेतल्या बहुतेकांना नाही. 17 मार्चला अमेरिका, ब्रिटन आणि स्पेनने युद्धाला वाट करून देणारा नवा ठराव मतदानाला न टाकताच सोडून दिला. तीन दिवसांत हल्ला सुरू झाला. तिथे सैन्यच बोललं, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे.