गरोदरपणात आईला संसर्ग झाला तर बाळाच्या डोळ्यांवर परिणाम होतो का?

होऊ शकतो, पण साध्या सर्दी-पडशाने घाबरून जाऊ नका. संसर्ग कोणता आणि कितव्या आठवड्यात, यावर सगळं ठरतं.

रुबेलाचंच (जर्मन गोवर) घ्या. 1941 मध्ये ऑस्ट्रेलियातले नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी दाखवून दिलं की जन्मजात मोतीबिंदू असलेल्या अनेक बाळांच्या आयांना गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला झाला होता. डोळ्याचं भिंग पहिल्या तीन महिन्यांतच घडतं, म्हणून तेव्हाचा संसर्ग सर्वांत वाईट. आईला आधीच लस मिळालेली असेल तर धोका फारच कमी होतो. मात्र ही लस जिवंत विषाणूची असल्याने गरोदरपणात देत नाहीत. आधी घ्यायची आणि किमान महिनाभर गर्भधारणा टाळायची.

टोक्सोप्लाझ्मोसिस हा एका परजीवीचा संसर्ग जरा फसवा. जन्मताना डोळे ठीक दिसू शकतात आणि डोळ्याच्या पडद्यावरचे (दृष्टिपटलावरचे) व्रण काही वर्षांनीही उमटू शकतात, त्यामुळे तपासण्या चालू ठेवाव्या लागतात.

संसर्ग सोडून नुसत्या दाहाबद्दल (शरीराच्या संरक्षण यंत्रणेची सूज आणणारी प्रतिक्रिया) विचाराल, तर बाळाच्या दृष्टिपटलात मायक्रोग्लिया नावाच्या रोगप्रतिकारक पेशी असतात आणि त्या चेतापेशींमधल्या जादा जोडण्या छाटतात. आईच्या शरीरातल्या दाहाने त्यांचं काम बिघडू शकतं, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसतं. पण त्यावरून ‘मुलाला चष्मा लागणार’ म्हणणं मला घाईचं वाटतं.